जळका वास

आक्काला तो वास पहिल्यांदा आला तेव्हा मी तिच्या शेजारीच बसले होते. साखऱ्याला, तिच्या सासरी, ओसरीवर आम्ही दोघी तुरीच्या ओल्या शेंगा सोलत होतो. दुपारची वेळ. तिची सासू आत पडली होती आणि दाजी, म्हणजे आक्काचा नवरा, मेंढ्यांचं खांड घेऊन माळाकडे गेले होते. बोलता बोलता आक्का थांबली आणि तिनं नाक वर केलं.

"चुलीवर काही ठेवलंय का गं? जळून राहिलंय."

"काहीच नाही. चूल कधीची विझली."

ती उठून आत जाऊन आली. गोठ्याकडे डोकावली. परत येऊन बसली तरी तिचा चेहरा तसाच होता. "केस जळल्यावानी येऊन राहिला," ती म्हणाली, "न्हाईतर रबर." आणि मग तिची नजर समोरच्या भिंतीवर एका जागी अडकली. तोंड हळूहळू हलायला लागलं, काहीतरी चघळत असल्यासारखं. तोंडात काही नव्हतं. उजव्या हाताची बोटं पदराचा काठ चिमटीत धरायची आणि सोडायची, धरायची आणि सोडायची. मी हाक मारली, दंडाला धरून हलवलं. ती तिथं नव्हतीच. मिनिटभरानं तिनं एक मोठा श्वास घेतला, माझ्याकडे वळून पाहिलं आणि म्हणाली, "तू कधी आलीस?"

मी आदल्या दिवशी संध्याकाळीच आले होते. रात्री आम्ही एकाच वाकळेवर झोपलो होतो.

मी हसले. ती थट्टा करतेय असंच मला वाटलं, कारण थट्टा हे आक्काचं रोजचंच काम होतं. ती माझ्याहून पुष्कळ मोठी. शिरड शहापूरला आमच्या घरी माय शेतात गेली की मला हिनंच खाऊ घातलं, हिनंच न्हाऊ घातलं. तिचं लग्न झालं तेव्हा मी मायपेक्षा जास्त रडले होते. तिच्या बोलण्याला खंड नसायचा. वाटेत भेटलेल्या माणसाची गोष्ट ती त्या माणसाच्याच आवाजात सांगायची, आणि ऐकणाऱ्या बायका पोट धरून बसायच्या. सासूसमोर सासूची नक्कल करून तिलाच हसवणारी सून त्या गावात दुसरी नव्हती. दाजी उलटे. दिवसभर मेंढ्यांमागे एकटे, आणि घरी आले तरी मोजकंच बोलणारे. "माझ्या वाटचं बी हीच बोलती," असं ते म्हणायचे, आणि ते त्यांचं आठवड्यातलं सर्वांत लांब वाक्य असायचं.

त्या हिवाळ्यात वास येतच राहिला. कधी पंधरा दिवसांनी, कधी एकाच दिवसात दोनदा. घरच्यांनी आधी पित्त म्हटलं, मग अशक्तपणा. गावातल्या डॉक्टरांनी ताकदीच्या गोळ्या दिल्या. तिची मुलगी तेव्हा अजून कडेवर होती, दूध पीत होती, म्हणून अंगात कमतरता आली असेल असंही म्हणून झालं. कुणी फार मनावर घेतलं नाही.

मग गंजी जळली.

शेजारच्या आळीतल्या एका शेतकऱ्याची कडब्याची गंजी. सकाळी पाणी भरताना आक्का चारचौघींमध्ये म्हणाली होती, "आज लईच जळकं येऊन राहिलंय बाई." बायकांनी वास घेतला, कुणालाच काही आलं नाही. संध्याकाळी दिवे लागायच्या आत ती गंजी भडकली. बिडीचं थोटूक असेल, पोरांचा खेळ असेल, उन्हाळ्याच्या तोंडाशी अशा गंज्या जळतातच. पण दुसऱ्या दिवशी आक्काच्या दारात बायका उभ्या होत्या.

एकीला विचारायचं होतं, हरवलेली शेळी जिवंत आहे का. एकीनं आजारी लेकरू आणलं होतं. आक्का हात जोडून म्हणायची, "अगं मला काई ठावं न्हाई. मला फकस्त वास येतो." पण त्या जात नसत. समोर बसून तिच्या नाकाकडे बघत राहत. सासूनं एका मंगळवारी तिच्यापुढे हळद-कुंकू आणून ठेवलं. देवीचं वारं आलंय, असं ती कुजबुजून सांगू लागली. मी सुट्टीत तिथं गेले की आक्का मला मागच्या दारी घेऊन जायची.

"सगळे मलाच बघून राहिले गं," ती म्हणायची. "मी भाकर थापते तरी बघतात. मी शिंकले तरी दचकतात."

दाजींना हे अजिबात आवडत नव्हतं. त्यांनी एकदाच ते हळद-कुंकवाचं ताट उचलून कोनाड्यात ठेवलं. त्या दिवसापासून ते खांड धाकट्या भावावर सोपवून दुपारी घरी चक्कर टाकू लागले.

उन्हाळ्यात गावात एक लग्न होतं. मांडवात पंगत बसली होती, मी आक्काच्या शेजारी. पहिला घास घेतला आणि ती ताडकन उठून उभी राहिली. "विझवा!" ती ओरडली. "अरे विझवा कोणीतरी!"

गंजी जळाल्याला दोन महिनेही झाले नव्हते. सगळा मांडव उठला. पत्रावळी तुडवत लोक बाहेर पळाले, कुणी लेकरं उचलली, कुणी मांडवाची कनात ओढून काढली. एक म्हातारी खाली पडली. आग कुठंच नव्हती. आचारी झारा हातात धरून भट्टीपाशी तसाच उभा होता.

लोक परत आले ते रागानं. ज्याची गंजी जळाली होती तो माणूस पुढे झाला. "त्या टायमाला बी हिलाच आधी कळलं व्हतं," तो दाजींना म्हणाला. "काडी लावल्याबिगर कसं कळलं? इचार तुझ्या बायकोला."

दाजी काही म्हणायच्या आतच आक्काचा उजवा हात झटके द्यायला लागला. आधी बोटं, मग मनगट, मग खांदा. मान उजवीकडे वळली, वळतच गेली, आणि ती ताठ होऊन पडली. तोंडातून फेस आला, ओठ निळे पडले. मी तिच्याजवळ बसले पण हात लावायचं धाडस होईना. भोवतीचं कडं मागं सरकलं. आत्ता तिला जाब विचारायला आलेला माणूस सर्वांत मागं होता. कुणीतरी पायातली चप्पल काढून तिच्या नाकाशी धरली. दाजींनी ती चप्पल हातानं बाजूला केली, आक्काला कुशीवर वळवलं आणि म्हणाले, "जीप आना."

हिंगोलीला पोचेपर्यंत ती शुद्धीवर आली होती, पण बोलत नव्हती. जीभ चावली गेली होती. दवाखान्यातले डॉक्टर मध्यम वयाचे, सावकाश विचारणारे होते. आधी कोणता हात हलला? मान कुठं वळली? किती वेळ? त्यांनी मलाच पुष्कळ विचारलं, कारण मी जवळ होते. मी वासाचं सांगितलं, भिंतीकडे बघत राहण्याचं, चघळण्याचं, पदराशी चाळा करण्याचं सांगितलं. ते लिहायचे थांबले.

"वास येतो तेव्हा पोटात काही होतं का हो तुम्हाला?" त्यांनी आक्काला विचारलं.

आक्का त्यांच्याकडे बघतच राहिली. हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. सुजलेल्या जिभेनं ती म्हणाली, "पोटातून काहीतरी वर चढतं. जत्रेतल्या पाळन्यातून खाली येताना व्हतं, तसं."

"या सगळ्या फिटच आहेत," डॉक्टर म्हणाले. "लहान लहान. आज मोठी आली. हा वास नाकातून येत नाही, मेंदूतच तयार होतो. इथं, कानाच्या वर, आतल्या बाजूला. त्या जागेला काहीतरी टोचतंय."

आक्काची सासू इतका वेळ कोपऱ्यात बसून होती. तिनं विचारलं, "मंग हे बाहेरचं न्हाई?"

"नाही आजी," डॉक्टर म्हणाले. "आतलंच आहे."

त्या उत्तरानं सासूला बरं वाटलं असावं, कारण तिनं हात जोडले. मी मात्र बाकावर बसल्या बसल्या माझ्याच कानाच्या वर बोट लावून पाहिलं.

नांदेडला सी.टी. स्कॅन झाला. तिथल्या डॉक्टरांनी फिल्म खिडकीच्या उजेडात धरून दाखवली. डाव्या बाजूला कानाच्या वर एक डाग, आणि त्याच्याभोवती ओल पसरावी तशी काळपट सूज.

"गाठ आहे," ते म्हणाले. "कशाची आहे, ते फोटोवरून नक्की सांगता येत नाही. टीबीची असू शकते. किड्याची असू शकते. ट्यूमर असू शकतो."

"किड्याची?" मी विचारलं.

"डुकरातली पट्टकृमी असते. तिची अंडी अन्नातून पोटात जातात, रक्तातून मेंदूत जाऊन बसतात."

"आमच्यात डुकराचं कोणीच खात न्हाई, साहेब," दाजी म्हणाले.

"खायला लागत नाही. घाण पाण्यावरची कच्ची भाजीसुद्धा पुरते."

"मेंढीच्या डोक्यात पान्याची गाठ व्हती साहेब. मंग ती एकाच अंगानं गोल गोल फिरत राहती. तसलं हाये का?"

डॉक्टरांनी फिल्म खाली ठेवली. "तसलं काही निघालं तर बरंच म्हणायचं," ते म्हणाले. "त्याला औषध आहे."

परतीच्या एसटीत आक्का खिडकीला टेकून झोपली होती. दाजी पुढच्या दांड्याला धरून बसले होते. कळमनुरी मागं पडल्यावर ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "गोल फिरनारी मेंढी म्या लई बघितली. एक बी वाचली न्हाई."

आपल्या भागात टीबी पुष्कळ, आणि तो बरा होतो, म्हणून आधी टीबीचं औषध सुरू झालं. बरोबर फिटच्या गोळ्या आणि सूज उतरायची गोळी. पहिल्या दिवशी लघवी लाल झाली म्हणून आक्का घाबरली, पण ते औषधामुळेच होतं. आणि आठवड्याभरातच ती सुधारली. वास बंद झाला. तिला भूक लागायला लागली. लग्नातल्या मांडवातून लोक कसे पळाले, ते ती स्वतःच नक्कल करून सांगू लागली. सासूनं औंढ्याला जाऊन नागनाथाला नारळ फोडला. आम्ही शिरडला पुरणपोळी केली. डॉक्टर मात्र म्हणाले होते, "सुजेची गोळी हळूहळू बंद करणार आहे. त्यानंतर कसं वाटतं, ते महत्त्वाचं."

सुजेची गोळी बंद झाली आणि पावसाळ्याच्या शेवटी डोकं दुखायला लागलं. पहाटे उठल्याबरोबर दुखायचं. मळमळ काहीच नाही आणि एकदम उलटी व्हायची. उलटी झाली की तासाभरात बरं वाटायचं, त्यामुळे दिवसभर ती हिंडायची-फिरायची, कामं करायची, आणि दुपारी आलेल्या माणसाला सगळं ठीकच दिसायचं.

मग शब्द जायला लागले. पहिल्यांदा कुलूप गेलं. "ते दे की गं, ते... दाराचं... बंद," ती मला म्हणाली आणि आळीतली पोरं खदाखदा हसली. त्यांना वाटलं काकू नवी नक्कल करतेय. मग चाळण गेली, मग खुरपं, मग धाकट्या दिराचं नाव. बोलणं चालू असायचं आणि मधेच खड्डा यायचा. ती खड्ड्याच्या काठावर उभी राहायची, हात हलवायची. एकदा मोरीत भांडी घासताना तिनं सगळं तिथंच टाकलं आणि रडायला लागली.

"मला दिसून राहिलं," ती म्हणाली. "समोर हाये. पन तोंडात येत न्हाई. काहून येत न्हाई गं?"

औरंगाबादला नेलं. मेंदूची ऑपरेशनं करणारे डॉक्टर मूळचे खेड्यातलेच असावेत, बोलण्यावरून तसं वाटायचं. त्यांनी बारीक उजेडाच्या यंत्रातून आक्काच्या दोन्ही डोळ्यांत बराच वेळ पाहिलं. डोळ्याच्या मागच्या नसेला सूज होती. म्हणजे कवटीच्या आत दाब वाढलेला. नव्या फोटोत डाग मोठा झाला होता. टीबीच्या औषधानं त्याला काही झालं नव्हतं.

"ट्यूमर आहे," ते म्हणाले.

आबा, म्हणजे आमचे वडील, बरोबर होते. ते म्हणाले, "कॅन्सर?"

"सगळे ट्यूमर कॅन्सर नसतात," डॉक्टर म्हणाले. "मेंदूवरच्या आवरणाची गाठ असते. ती बाहेरून मेंदूला दाबते. वेळेवर काढली तर बहुतेक माणसं बरी होतात. ऐकायच्या नसेवर होते, मेंदूखालच्या ग्रंथीवर होते. कधी फुफ्फुसातल्या, स्तनातल्या कॅन्सरचं बी डोक्यात जाऊन पडतं. आणि एक प्रकार मेंदूच्याच पेशींचा. यांची गाठ त्यातली वाटते. तुकडा तपासल्याशिवाय मी नाव सांगणार नाही."

"समदी काढाल ना?" दाजींनी विचारलं.

"तुमच्या रानात हराळी आहे?"

"हाये की."

"वरचं गवत दिसतं तेवढं काढता येतं. मुळ्या कुठवर गेल्यात ते दिसत नाही. यांची गाठ बोलण्याच्या जागेला लागून आहे. फार खोल खणलं, तर बोलणंच निघून येईल."

हराळी काय चीज आहे ते दाजींना आणि आबांना कुणी सांगायची गरज नव्हती. मी आक्काकडे पाहिलं. तिनं हे सगळं ऐकलं होतं आणि तिला ते कळलंही होतं. बोलता येत नसलं तरी कळतं, हे आमच्या लक्षात येत नसे.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तिचे केस काढले. तिचे केस कमरेच्या खाली होते. ती आरसा मागेल असं वाटलं होतं, पण तिनं मागितला नाही. माझ्याच तोंडाकडे बघून अंदाज घेतला आणि तोंड फिरवलं.

ती वाचली. शुद्धीवर आल्यावर दोन दिवस तिला एकही शब्द आला नाही. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "पानी." दाजी उठून खोलीबाहेर गेले आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

तपासणीत गाठीचं नाव निघालं ॲस्ट्रोसायटोमा. डॉक्टरांनी ते दोनदा सांगितलं तरी आमच्यातल्या कुणालाच उच्चारता येईना. "याच्या चार पायऱ्या असतात," ते म्हणाले. "ही दुसरी आहे. हळू वाढते."

"मंग ती वर चढती का?" दाजींनी विचारलं.

"बऱ्याचदा चढते. कधी, ते मी सांगू शकत नाही. आणि कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका."

त्यानंतर दीड महिना शेक दिले. किरणांच्या उपचाराला तिथले सगळे पेशंट शेकच म्हणत. अभ्यास बाजूला ठेवून धर्मशाळेत मी तिच्याजवळ राहिले. रोज सकाळी तिला त्या मोठ्या खोलीत एकटीला ठेवायचे, जाड दार लागायचं आणि आम्ही बाहेर बसायचो. दुखत नाही म्हणायची. पण डाव्या कानावरची कातडी काळी पडली आणि तिथं नंतर केस कधी आलेच नाहीत. ती पदर पुढे ओढून घ्यायला शिकली.

मग बरी वर्षं आली, आणि ती पुष्कळ आली. हे सांगितलंच पाहिजे. आक्काचं बोलणं परत आलं. आधीचा झपाटा आला नाही. ती शब्द निवडून निवडून ठेवायची, ओल्या शेणावरून चालणारं माणूस पाऊल ठेवतं तसं. पण संसार केला, शेळ्यांच्या धारा काढल्या, लेकीला शाळेत घातलं. परभणी जिल्ह्यातून निघून हिंगोली वेगळा जिल्हा झाला, मला हिंगोलीत मास्तरणीची नोकरी लागली, माझं लग्न झालं. माझ्या लग्नात ती पंगतीत बसली आणि पोटभर जेवली.

पण घर बदललं होतं. फिट आली, डोकं दुखलं, उलटी झाली, उजवा हातपाय ढिला पडला, बोलणं अडलं, स्वभाव बदलला तर लगेच या, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्यामुळे सगळे तिच्यावर नजर ठेवून असत. तिला एखादा शब्द आठवला नाही की सासू पीठ मळायची थांबायची, दीर दारात थबकायचा, आणि लहानगी पोर आईच्या तोंडाकडे बघायची. एकदा आक्का चिडली.

"मला इसरायची बी चोरी झाली का?" ती म्हणाली. "तुमी इसरता ते चालतं. मी मिठाचा डबा कुठं ठेवला ते इसरले, तर तुमी माझी तिरडी बांधायला घेता."

कुणीच हसलं नाही. दरवर्षी स्कॅनला जायच्या आधी ती आठवडाभर कमी जेवायची. डॉक्टर फिल्म उजेडात धरायचे तेव्हा आम्ही फिल्मकडे न बघता त्यांच्या चेहऱ्याकडे बघायचो. "आहे तसंच आहे," असं ते म्हणाले की आणखी एक वर्ष मिळायचं.

एका उन्हाळ्यात मी साखऱ्याला गेले होते. आम्ही दोघी शेताकडे निघालो होतो, ती पुढं, मी मागं. वाटेत धुळीत एक चप्पल पडलेली दिसली. तिचीच, उजव्या पायातली. पुढं आक्का चालत होती. एक पाय चपलेत, एक तापलेल्या मातीवर. तिला ठाऊकच नव्हतं.

मी चप्पल उचलली, पण हाक मारली नाही. थोडा वेळ तिला तशीच चालू दिलं, कारण हाक मारल्यावर काय सुरू होणार ते मला माहीत होतं. मग तीच थांबली, वळली, माझ्या हातात चप्पल बघितली आणि स्वतःच्या पायाकडे बघितलं. "घाल पायात," मी म्हणाले. तिनं चप्पल घातली. पाय नीट शिरेना, मग मी वाकून घालून दिली.

महिन्याभरात तिच्या उजव्या हातातून दुधाचं भांडं पडायला लागलं. औरंगाबादचे डॉक्टर आता म्हातारे झाले होते. नव्या फोटोत गाठीभोवती पांढरी कडा चमकत होती. ते दाजींना बाजूला घेऊन बोलायला लागले तेव्हा आक्का खुर्चीतून म्हणाली, "मला सांगा."

डॉक्टर तिच्या समोर स्टूल ओढून बसले. "पायरी बदलली," ते म्हणाले. "ती आता वरची झाली. पुन्हा ऑपरेशन करता येईल. काही महिने मिळतील."

"बोलनं... जाईल?"

"बहुतेक जाईल. उजवी बाजूही."

"न्हाई केलं तर?"

"गोळ्या देईन. सूज उतरेल. पण वेळ कमी."

आक्कानं दाजींकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही नाही. "मंग न्हाई," ती म्हणाली. "हाये तवर... बोलू द्या."

डॉक्टरांनी दाजींकडे पाहिलं. "तिचं बराबर हाये, साहेब," दाजी म्हणाले.

निघताना मी एकटी मागं राहिले आणि विचारलं, हे रक्तातून येतं का, तिला मुलगी आहे. "शक्यतो नाही," डॉक्टर म्हणाले. "फार क्वचित." शक्यतो आणि क्वचित हे दोन्ही शब्द मी घरापर्यंत घेऊन आले आणि कुणाला सांगितले नाहीत.

गोळ्यांनी तिचा चेहरा फुगून गोल झाला, भूक अफाट वाढली. झोपही वाढली. शब्द एकेक करून गेले, आणि या वेळी ते परत येण्यासाठी गेले नव्हते. दाजींनी खांड पूर्णपणे भावाकडे दिलं आणि ते तिच्या बाजेपाशी बसून राहिले. आणि जन्मभर न बोललेला तो माणूस बोलायला लागला. कोणत्या मेंढीला कोकरू झालं, कोणत्या शेळीनं कुणाच्या कपाशीत तोंड घातलं, सिद्धेश्वरच्या धरणाला पाणी किती आहे. आक्का ऐकायची. तिला हसू आलं की फक्त डावीकडचा ओठ वर जायचा. ते थांबले की ती डाव्या हातानं त्यांचा गुडघा हलवायची, म्हणजे पुढं सांग.

होळी झाल्यावर ऊन तापायला लागलं तेव्हा ती गेली. आदल्या दिवसापासून उठली नव्हती. श्वास चालायचा, मधेच थांबायचा, आपण घाबरून वाकावं तेवढ्यात पुन्हा चालायचा. दुपारची वेळ होती. माय तिचे पाय चोळत होती. दाजी तिला कुठल्याशा बाजारात पळालेल्या बोकडाची हकिकत सांगत होते. श्वास थांबला आणि या वेळी पुन्हा चालला नाही. मी म्हणाले, "दाजी." त्यांना कळलं होतं. पण त्यांनी हकिकत पुरी केली, बोकड सापडेपर्यंत. मग ते उठले.

जूनमध्ये शाळा सुरू होताना मी भाचीला शिकायला हिंगोलीला घेऊन आले. ती तेव्हा सहावीत होती, अबोल आणि शहाणी. पहिल्या महिन्यातच एका संध्याकाळी तिनं वही मिटली आणि कपाळ चोळलं.

"काय गं?"

"काही नाही मावशी. डोकं दुखतं जरा."

माझ्या हातातली भाजी तशीच राहिली. "कधीपासून? सकाळी उठल्यावर दुखतं का? उलटी होते का? कशाचा वास येतो का?" मी एका दमात विचारलं. ती माझ्याकडे मोठे डोळे करून बघत राहिली. अशा प्रश्नांत ती वाढली होती. प्रत्येक प्रश्न कुठून येतो ते तिला माहीत होतं.

"अभ्यास करताना दुखतं," ती सावकाश म्हणाली. "फळ्यावरचं दिसत नाही नीट."

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून रजा काढून तिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. आईला काय झालं होतं, ते मी तिला बाहेर बसवून त्यांना सांगितलं. मग त्यांनी तिला अंधाऱ्या खोलीत नेलं, डोळ्यांत थेंब टाकले आणि यंत्रातून बघत बसले. एक डोळा. मग दुसरा. मग पुन्हा पहिला. मी खुर्चीचा दांडा धरून होते.

"मागचा पडदा स्वच्छ आहे, नस चांगली आहे," ते म्हणाले. "चष्मा लागलाय पोरीला. बाकी काही नाही."

"नक्की?"

"नक्की," ते म्हणाले, आणि जरा थांबून, "आज तरी."

चष्मा तयार व्हायला दोन दिवस लागले. दुकानातून बाहेर आल्यावर ती रस्त्याच्या कडेला उभी राहून लिंबाच्या झाडाकडे बघत राहिली. पानं वेगवेगळी दिसतात, असं म्हणाली. घरी आल्या आल्या चष्मा दाखवायला शेजारच्या मैत्रिणीकडे पळाली. मी दार उघडं ठेवलं आणि तिचा आवाज येतोय ना, ते ऐकत स्वयंपाकाला लागले.